जीपचे उंच कपाळ कापू नका : कुरूप ठरलेल्या जुन्या गाड्यांविषयी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. काटोलजवळच्या शेतावर आपल्या वडिलांची, १९६८ साली नोंदणी झालेली महिंद्राची पेट्रोल जीप, सीजे-३बी, गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली बारा वर्षे उभी आहे आणि आपल्याला ती पुन्हा रस्त्यावर आणायची आहे. घरच्या मंडळींचे म्हणणे आहे की ही जीप मुळातच बेढब आहे, तिचे कपाळ उंच आणि डोळे खाली आहेत, तेव्हा खर्च करायचाच असेल तर बॉनेट आणि पुढची जाळी तीन-चार इंच कापून, रुंद चाके लावून तिला आजच्या गाड्यांसारखे रूप द्यावे. एका गॅरेजने तसा अंदाजही दिला आहे. आपल्याला मात्र ती आहे तशीच आवडते. हे आवडणे केवळ वडिलांच्या आठवणीपोटी आहे की गाडीतही काही आहे, आणि जगात इतरत्र अशा कुरूप गाड्या कोणी जपतो का, असे आपण विचारले आहे.

कापू नका, हे पहिले उत्तर. आठवणीचा वाटा मोठा असणारच. परंतु कारण गाडीतही आहे, आणि ते नेमके त्याच तीन-चार इंचांत आहे जे कापायला सांगितले जात आहे. नागपुरात जुन्या गाड्या उघडून पुन्हा उभ्या करण्याचे काम मी चौतीस वर्षे करतो आहे. या काळात लोकांनी सर्वाधिक जीव लावलेल्या ज्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, त्यांपैकी फार थोड्या रूपाने देखण्या होत्या. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्या जीपचे कपाळ. आपली जीप अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपवरून आली. दुसऱ्या महायुद्धातील त्या विलीज जीपचे इंजिन साइड-व्हॉल्व्ह पद्धतीचे होते. म्हणजे पेट्रोल-हवेचे मिश्रण आत घेणारे आणि धूर बाहेर सोडणारे, असे दोन्ही व्हॉल्व्ह इंजिनाच्या ब्लॉकमध्येच एका बाजूला बसत. त्यामुळे वरचे हेड सपाट, जवळजवळ झाकणासारखे असे आणि बॉनेटही ठेंगणे राहू शके. या इंजिनाची शक्ती सुमारे ६० अश्वशक्ती होती. पुढे विलीज कंपनीने तेच खालचे इंजिन ठेवून आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले आणि त्यांचा आकार मोठा केला. इंजिनाचा श्वास मोकळा झाला, शक्ती ७० च्या वर गेली. हेच ते हरिकेन इंजिन, चार सिलिंडरचे, सुमारे २.२ लिटरचे. मात्र हेडवर आता रॉकर, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्या, आणि त्यांचे कव्हर आले, कार्बोरेटरही हेडच्या माथ्यावर चढला, आणि जुन्या ठेंगण्या बॉनेटखाली हे सारे मावेना.

कंपनीपुढे दोन वाटा होत्या. संपूर्ण गाडी नव्याने आखायची, किंवा असलेल्या गाडीचे बॉनेट आणि जाळी तेवढी उंच करायची. पहिल्या वाटेने गोल मडगार्डांची सीजे-५ आली. दुसऱ्या वाटेने १९५३ मध्ये सीजे-३बी आली. मडगार्ड जुनेच सपाट, दिवे जवळपास जुन्याच जागी, आणि त्यांच्यावर उरलेले पत्र्याचे रुंद कपाळ. हा चेहरा कोणी कागदावर सुंदर म्हणून रेखाटलेला नाही. इंजिन जेवढे उंच तेवढे बॉनेट उंच, एवढाच त्याचा हिशेब आहे. अमेरिकेत ही जीप १९६८ पर्यंत बनली. जपानमध्ये मित्सुबिशीने परवान्याखाली घेतलेला तिचा वंश १९९८ पर्यंत चालला, आणि आपल्याकडे महिंद्रांनी तो उंच चेहरा इतकी वर्षे बनवला की विदर्भातील दोन पिढ्यांना जीप म्हटले की तोच आठवतो. वनखाते, पाटबंधारे, कृषी विभाग, संत्र्याचे बागाईतदार, सगळ्यांकडे हाच चेहरा होता.

आता मला माझी एक चूक सांगितली पाहिजे, कारण आपल्याला दिला गेलेला सल्ला मी स्वतः एकदा अमलात आणलेला आहे. कामाला लागून मला पाच-सहा वर्षे झाली होती. अमरावतीकडच्या एका गृहस्थांनी आपल्यासारखीच जीप आणली आणि तोंड बसके करून मागितले. मी जाळी कापली, बॉनेटच्या बाजू साडेतीन इंचांनी कमी केल्या, वेल्डिंग इतके सफाईने केले की सांधा बोटाला लागत नव्हता. गाडी दिसायला नीटस झाली. पण एअर क्लीनर मावेना म्हणून तो काढून एक लहानसा बसवावा लागला, रेडिएटर ठेंगणा घालावा लागला, आणि बॉनेटच्या आत गरम हवेला फिरायला जागा उरली नाही. मे महिन्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना ती तीन वेळा उकळली. चौथ्या वेळी हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांमधली पट्टी, गेले, आणि पुढे उघडून पाहिले तर हेडही वाकलेले निघाले. मालकांनी मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. मूळ मापाची जाळी आणि बॉनेट शोधून ती जीप पूर्ववत करायला मला दोन वर्षे लागली. आपल्या भागात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. पुण्या-नाशिकच्या हवेत एखादे वेळी निभावून जाईल असे काम इथे निभावत नाही.

त्या दोन वर्षांत मी एक गोष्ट शिकलो आणि तिचा मला पुढे सतत उपयोग झाला. एखाद्या जुन्या गाडीचा कोणता भाग डोळ्यांना खुपतो ते आधी पाहावे, आणि मग तो तसा का आहे ते शोधावे. बहुतेक वेळा त्या गाडीचे सर्वांत मोलाचे काम तिथेच दडलेले असते.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण फ्रान्सची सिट्रोएन २सीव्ही. १९३० च्या दशकात कंपनीचे तेव्हाचे उपाध्यक्ष पिएर-ज्यूल बुलांजे यांनी आपल्या अभियंत्यांपुढे ठेवलेली अट प्रसिद्ध आहे : दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी, १०० किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल पिणारी आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तरी एकही अंडे न फोडणारी गाडी हवी. दिसायला कशी हवी, याला त्या अटीत जवळजवळ महत्त्वच नव्हते. युद्धामुळे काम थांबले, तयार झालेले नमुने जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून लपवून ठेवले गेले, आणि अखेर ऑक्टोबर १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली. वार्ताहरांनी तिची टर उडवली. पत्र्याच्या डब्याला चाके लावल्यासारखी ती दिसत होती. इंजिन ३७५ सीसीचे, हवेने थंड होणारे, दोन सिलिंडरचे आणि अवघ्या ९ अश्वशक्तीचे.

पण तिच्या एकेका विचित्र भागापाशी थांबून पाहा. सुरुवातीच्या गाड्यांच्या बॉनेटवर नालीदार पत्र्यासारख्या वळ्या आहेत, कारण वजन वाचवण्यासाठी पत्रा फार पातळ घेतला होता आणि वळ्या पाडल्याने पातळ पत्र्यालाही ताठपणा येतो. आपल्या शेडवरचे टिन वाऱ्यात टिकते ते याच गुणावर. छत कापडाचे आहे, मागपर्यंत गुंडाळता येते, कारण त्याने वजन वाचते आणि शेतकऱ्याला उंच सामान उभे ठेवता येते. बैठका म्हणजे नळीच्या चौकटीवर ताणलेले कापड. त्या काढून झाडाखाली मांडता येतात. पुढचे आणि मागचे चाक आडव्या स्प्रिंगांनी एकमेकांशी जोडलेले आहे, त्यामुळे पुढचे चाक खड्ड्यावरून जाते तेव्हा त्याची खबर मागच्या चाकाला आधीच लागते आणि गाडी डुलते, पण आपटत नाही. वळणावर ती इतकी कलते की पाहणाऱ्याला भीती वाटावी. ते कलणे आणि अंडे न फुटणे ही एकाच यंत्रणेची दोन अंगे आहेत. एक घालवले तर दुसरेही जाईल. शेवटची २सीव्ही १९९० मध्ये पोर्तुगालात बनली, तोवर ३८ लाखांहून अधिक गाड्या रस्त्यावर आल्या होत्या.

आंबिया बहाराची संत्री पेट्यांत भरून शेतातल्या धुऱ्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणि तिथून कळमन्याच्या बाजारापर्यंत न दबता पोचवणे म्हणजे काय, हे आपल्या वडिलांना ठाऊक होते. बुलांजेंची अंड्यांची अट त्यांना लगेच पटली असती.

२सीव्हीचा आकार फ्लामिनियो बेर्तोनी यांच्या हातचा आहे. हे गृहस्थ शिल्पकार होते आणि १९५५ ची सिट्रोएन डीएस, जिची गणना आजही जगातील सर्वांत देखण्या गाड्यांत होते, तीही त्यांनीच घडवली. म्हणजे ज्याला सौंदर्य साधत नव्हते अशा माणसाने २सीव्ही केली, असे म्हणता येत नाही. त्याच बेर्तोनींनी १९६१ मध्ये सिट्रोएनचीच अमी ६ ही गाडी केली. तिची मागची काच उलटी, म्हणजे वरून खाली आत कललेली आहे. चार मीटरहून कमी लांबीत मागे बसणाऱ्याच्या डोक्याला जागा ठेवायची, डिकीही द्यायची आणि तिचे झाकणही नीट उघडायला हवे, या ओढाताणीतून ती काच तशी झाली. ब्रिटनमध्ये १९५९ च्या फोर्ड अँग्लियालाही तशीच उलटी काच होती. अशा काचेवर पावसाचे पाणी आणि धूळ कमी बसते आणि दुपारचे ऊन मागच्या बैठकीवर सरळ उतरत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात चाळीस मिनिटे गाडीत बसलेल्या माणसाला ती काच कुरूप वाटणार नाही, याची मला खात्री आहे.

मॉरिस मायनरची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि मला ती विशेष प्रिय आहे. ही गाडी १९५० च्या दशकात हिंदुस्थान मोटर्सने आपल्याकडे ‘बेबी हिंदुस्थान’ या नावाने विकली होती, म्हणून काही जुन्या नागपूरकरांना ती आठवत असेल. अॅलेक इसिगोनिस यांनी तिचे काम केले. तिचा नमुना पाहून कंपनीचे मालक लॉर्ड नफिल्ड यांनी तिला कवच फोडून पाण्यात शिजवलेल्या (पोच्ड) अंड्याची उपमा दिली आणि ती त्यांना कधीच फारशी आवडली नाही. उत्पादन सुरू होण्याच्या बेतात असताना इसिगोनिस यांना गाडी अरुंद वाटू लागली. त्यांनी नमुना उभा मधोमध चिरून दोन्ही भाग एकमेकांपासून सरकवून पाहिले आणि चार इंचांचे अंतर पडले तेव्हा प्रमाण जुळले असे ठरवले. तोवर अरुंद गाडीचे बंपर तयार होऊन पडले होते. ते टाकून न देता मधोमध कापून त्यांत चार इंचांची पट्टी घातली गेली, आणि बॉनेटच्या मध्यावरून जाणारा सपाट पट्टा तर पुढे कायमच राहिला. तो पट्टा म्हणजे त्या निर्णयाचा व्रण आहे. १९४८ मध्ये निघालेली ही गाडी दहा लाखांचा पल्ला गाठणारी पहिली ब्रिटिश मोटार ठरली. मायनर दुरुस्तीला येते तेव्हा मी त्या पट्ट्यावर पॉलिश जरा जपूनच करतो.

याउलट, गाडीला बळेच सुंदर केल्याने काय होते तेही पाहू. इटलीची फिआट मल्टिप्ला १९९८ मध्ये आली. चार मीटरपेक्षा कमी लांबीत तिने सहा माणसे बसवली, तीन पुढे आणि तीन मागे. त्यासाठी गाडी रुंद आणि काचा मोठ्या केल्या. बॉनेट आणि पुढची काच जिथे मिळतात तिथे एक फुगीर वळी आहे आणि तिच्यात वरचे दिवे बसवले आहेत, जणू चेहऱ्याला डोळ्यांची दुसरी जोडी फुटावी. लोकांनी तिला जगातील सर्वांत कुरूप गाडी म्हटले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मात्र १९९९ मध्ये भविष्यातील मोटारींच्या प्रदर्शनात तिला स्थान दिले. पुढे २००४ मध्ये कंपनीने ती फुगीर वळी काढून तिला चारचौघींसारखा चेहरा दिला. आतल्या सहा जागा तशाच होत्या, तरी आज हौशी मंडळी शोधतात ती आधीची, वळीवाली मल्टिप्ला. नव्या चेहऱ्याची गाडी त्याच गुणांची असूनही कोणाच्या मनात राहिली नाही.

प्रत्येक कुरूप गाडीला हा न्याय लागू होतो असे मात्र मी म्हणणार नाही. फोर्डने १९५७ च्या शरद ऋतूत मोठ्या गाजावाजाने आणलेली एडसेल घ्या. तिच्या पुढच्या जाळीचा उभा, घोड्याच्या गळपट्ट्यासारखा भाग चेष्टेचा विषय झाला आणि दोनच वर्षांत ती बंद करावी लागली. तो उभा भाग गाडी वेगळी दिसावी म्हणून होता. तिच्या आत असे काहीही नव्हते की ज्यासाठी तो तसाच असायला हवा होता. तिलाही आज चाहते आहेत, पण ते तिच्या अपयशाच्या कथेचे चाहते आहेत. शेतकऱ्याने २सीव्हीवर किंवा आपल्या वडिलांनी जीपवर जसा जीव लावला, तसा रोजच्या वापरातून आलेला जिव्हाळा तिथे दिसत नाही. कामातून आलेली कुरूपता आणि सजावटीतून आलेली कुरूपता यांत मी हा फरक करतो. माझ्या व्यवसायातील काहींना तो मान्य नाही, तरी माझे मत ठाम आहे.

पूर्व जर्मनीची ट्राबांट ही मधली गोष्ट. पोलादी पत्र्याचा तुटवडा होता म्हणून झ्विकाऊच्या कारखान्यात तिचे बाह्यांग सोव्हिएत संघातून येणाऱ्या टाकाऊ कापसाच्या तंतूंत फिनॉलची राळ मिसळून, दाबून बनवत. आपण कापसाच्या प्रदेशातील माणसे आहोत. सरकीभोवती उरलेल्या तंतूंतून मोटारीचा दरवाजा होऊ शकतो, हे वाचून मी पहिल्यांदा फार वेळ विचारात पडलो होतो. दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, २६ अश्वशक्ती, पेट्रोलची टाकी बॉनेटखाली इंजिनाच्या वर, त्यामुळे पेट्रोल आपसूक खाली उतरते आणि पंपाची गरजच नाही. धूर फार, आवाज फार. तरीही १९५७ ते १९९१ या काळात सुमारे ३० लाख गाड्या बनल्या, आणि १९८९ मध्ये बर्लिनची भिंत उघडल्यावर लोक त्यांतूनच पलीकडे गेले. तिची कुरूपता टंचाईतून आली होती, आणि टंचाईत दिवस काढलेल्या माणसांना ती आपल्यातलीच वाटली.

आपल्याकडे याच जातीची एक गाडी म्हणजे बजाज टेम्पोची हॅन्सिएट. ही तीनचाकी मूळची जर्मन. १९५८ पासून ती आपल्याकडे बनू लागली. पुढे निघालेल्या लांब नाकाड्यामुळे महाराष्ट्रात अनेक ठिकाणी तिला सरळ ‘डुक्कर’ म्हणत. त्या नाकाड्यात टू-स्ट्रोक इंजिन असे आणि ते पुढचेच चाक ओढत असे, म्हणून मागचा सारा भाग माल आणि माणसांसाठी मोकळा राही. नाव तुच्छतेचे वाटते, पण ज्यांची पोटे तिच्यावर भरली त्यांनी ते नाव प्रेमानेच उच्चारलेले मी ऐकले आहे.

अँबेसेडरविषयी न लिहिता नागपूरच्या माणसाला पुढे जाता येणार नाही. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली ही गाडी उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मे २०१४ पर्यंत बनली. मधल्या काळात जाळ्या बदलल्या, दिवे बदलले, इंजिने बदलली, पण तो गोल, फुगलेला, ओट्यावर बसलेल्या वडीलधाऱ्या माणसासारखा आकार तसाच राहिला. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्स, रविभवन आणि विधानभवनाच्या परिसरात पांढऱ्या अँबेसेडरची रांग लागे, तेव्हा शाळकरी मुले दिवे मोजत उभी राहत. तिचे छत उंच आहे कारण बैठक उंच आहे. धोतर नेसलेल्या किंवा नऊवारी लुगड्यातल्या माणसाला न वाकता, न सावरता आत बसता येते. माझ्या आईला शेवटच्या काही वर्षांत गुडघ्यांमुळे इतर कोणत्याही गाडीत बसणे जड जाई, अँबेसेडरमध्ये ती स्वतःहून बसे. मे महिन्यात बाकी हीच गाडी वर्धा रोडवर भर दुपारी बंद पडे, कारण तापलेल्या इंजिनाशेजारच्या पंपात पेट्रोलची वाफ होऊन ते पुढे सरकत नसे. त्यावर पंपाला ओले फडके गुंडाळणे हाच उपाय होता, आणि प्रत्येक चालकाच्या बैठकीखाली ते फडके आणि पाण्याची बाटली असे.

असे कोणाचे काय खपते, काय खुपते हे ठाऊक झाल्यावरच माणूस आपला होतो, आणि गाडीचेही तसेच आहे. नागपूरकरांना हे वेगळे सांगायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाले पुतळे, मिरवणुकीने काढतो. त्यांची तोंडे उग्र असतात, कोणी त्यांना सुंदर म्हणत नाही, तरीही माणसे लेकरांना घेऊन पिवळ्या मारबतीच्या पायाशी जातात. उद्या कोणी तिचे तोंड नाजूक करून आणले तर नागपूरच्या महाल भागातले लोक तिला ओळखणार नाहीत.

आता कामाच्या गोष्टी.

आधी कायदा, कारण कापाकापीचा प्रश्न तिथेही येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. शिवाय २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र तरतूद झाली आहे. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली खासगी दुचाकी वा चारचाकी त्यात येते, पण अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चासीत, बाह्यांगात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आपली जीप वयाने पात्र आहे. बॉनेट कापल्यास ती पात्रता स्वतःच्या हाताने घालवल्यासारखे होईल. मात्र अशी नोंदणी दहा वर्षांची असते आणि ते वाहन रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतेच बाहेर काढता येते. आपल्याला ती शेतावर नेहमी न्यायची असेल तर साधी पुनर्नोंदणी आणि तपासणी हाच मार्ग योग्य. कोणता वापर करायचा ते आधी ठरवा, मग परिवहन कार्यालयात जा, आणि जुने नोंदणीपुस्तक कितीही फाटलेले असले तरी जपून ठेवा.

दुसरी गोष्ट चाकांची. रुंद टायर लावू नका. या जीपचे मूळ टायर अरुंद, ६.००-१६ मापाचे आहेत. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. रुंद टायर वरच्या वर घसरतो. तसेच या जीपचे स्टिअरिंग हलके नाही, रुंद टायरने ते इतके जड होते की खांदे भरून येतात आणि स्टिअरिंग बॉक्सही लवकर सैल होतो.

इंजिन सेल मारून सुरू करण्याचा मोह कोणालाही होऊ देऊ नका. बारा वर्षे उभ्या राहिलेल्या हरिकेन इंजिनात धूर सोडणारे व्हॉल्व्ह, जे ब्लॉकमध्ये आहेत, ते आपल्या जागी चिकटलेले असण्याची शक्यता मोठी असते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा, चार-पाच दिवस तसेच राहू द्या, नंतर पुढच्या हँडलने हाताने हळूहळू फिरवा. ब्लॉकच्या बाजूचे टॅपेट कव्हर, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागांवरचे झाकण, उघडून प्रत्येक व्हॉल्व्ह वर-खाली होतो आहे का ते डोळ्यांनी पाहा. एखादा अडकला असेल तर ठोकू नका, तेल देऊन वाट पाहा. पेट्रोलची टाकी चालकाच्या बैठकीखाली आहे. ती बाहेर काढून गंज धुऊन घ्या आणि तिच्यावर वेल्डिंग करावे लागले तर ती पूर्णपणे वाफमुक्त केल्याशिवाय कोणालाही दिवा लावू देऊ नका, यात माणसे दगावतात. ब्रेकचे मास्टर सिलिंडर, चाकांतील सिलिंडर आणि सर्व होज नवे घाला. तिथे काटकसर नको.

पत्र्याचे काम शेवटी. गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या गाडीचा तळ, विशेषतः पायाखालचा पत्रा आणि बॉडी चासीवर टेकते त्या जागा, खतातील ओलीने खाल्लेल्या असतात. तेवढा भाग कापून नवा पत्रा जोडावा. पुट्टी भरून वरून रंग मारणाऱ्या माणसाला काम देऊ नका. दोन पावसाळ्यांत ती फुगून वर येते. आणि संपूर्ण रंग खरवडण्यापूर्वी डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, उन्हाने न विटलेला मूळ रंग सापडतो का ते पाहा. त्याचा नमुना घेऊन रंग जुळवून मिळतो.

राहिली ती जाळी. कपाळावरच्या पत्र्याला डाव्या बाजूला पोचा आहे असे आपण लिहिले आहे आणि संत्र्याच्या पेट्या उतरवताना तो पडल्याचे वडील सांगत, असेही लिहिले आहे. तो पोचा काढायचा की ठेवायचा हे डेंटरला ठरवू देऊ नका. जाळी गाडीवरून उतरवली की ती वेगळी ठेवायला सांगा आणि आपण स्वतः येऊन पाहिल्याशिवाय तिला कोणी हातोडी लावणार नाही, असे कामाच्या चिठ्ठीवरच लिहून घ्या.